चाकाच्या पोटातले छर्रे

दोस्तांनो, आज आपण एक परीक्षा घेणार आहोत. घाबरू नका, परीक्षा तुमची नाही, तुमच्या सायकलची! वेळ फक्त पाच मिनिटं, आणि दोघं जण हवेत.

एकानं हँडल धरून पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचलायचं. दुसऱ्यानं त्या चाकाला जोरात गिरकी द्यायची. आता दोघांनीही गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं. टायर हवेतून फिरताना येतो तसा मऊ 'सूंऽऽ' एवढाच आवाज आला, आणि चाक बराच वेळ फिरून हळूहळू थांबलं, तर सायकल पास. पण चाकाच्या मधोमध 'खर्रर्र' झालं, मधूनच 'कट्' असा आवाज आला, किंवा चाक दोन-तीन फेऱ्यांतच अडखळून थांबलं, तर प्रकरण जरा गंभीर आहे.

थांबा, लगेच निकाल लावू नका. कधीकधी ब्रेकचं रबर रिमला घासत असतं आणि आपण उगाच चाकाला दोष देतो. म्हणून ब्रेक सैल करून पुन्हा एकदा ऐका. मग दुसरी चाचणी. एका हातानं पुढचा चिमटा घट्ट धरा, दुसऱ्या हातानं रिम धरून ती डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. चाक डुगडुगतंय? 'टक टक' असं काही जाणवतंय? तसं असेल तर चाकाच्या पोटात दुखतंय, असं खुशाल समजा. त्या पोटात काय असतं, ते का दुखतं आणि त्यावर औषध कोणतं, हे आज पाहू. आपला पेशंट आहे घडीची सायकल, म्हणजेच फोल्डिंगची सायकल. पण साध्या सायकलवाल्यांनी पान उलटू नये बरं का! पुढच्या चाकाची गोष्ट बहुतेक सगळीकडे तीच आहे.

गोट्यांची जादू

आधी एक गंमत करू. टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवा आणि बोटानं ढकला. ते घासत घासत, कुरकुरत पुढे जाईल. आता त्याच पुस्तकाखाली सारख्या आकाराच्या आठ-दहा गोट्या ठेवा आणि पुन्हा ढकला. पाहिलंत? नुसता धक्का लागला आणि पुस्तक पळालंसुद्धा!

फरक कशामुळे पडला? पहिल्या वेळी पुस्तक टेबलावर घासत होतं. दुसऱ्या वेळी त्या दोघांच्या मध्ये गोट्या गडगडत होत्या. घासण्यापेक्षा गडगडण्याला विरोध खूप कमी होतो. सायकलच्या चाकात हेच तत्त्व वापरलेलं असतं. चाकाच्या मधल्या नळकांड्याला 'हब' म्हणतात. हबमधून आरपार जाणारी लोखंडी दांडी म्हणजे आस, दुकानदाराच्या भाषेत 'एक्सल'. आस चिमट्याला घट्ट बांधलेली असते, ती फिरत नाही. फिरतो तो हब. मग फिरणारा हब आणि स्थिर आस यांनी एकमेकांना घासू नये म्हणून त्यांच्यामध्ये पोलादाच्या चकचकीत गोळ्या बसवतात. याच गोळ्यांना आपल्याकडे सायकलवाले 'छर्रे' म्हणतात.

ही युक्ती तशी जुनी आहे. वेल्समधल्या कारमार्दन गावच्या फिलिप व्हॉन या लोखंड कारखानदारानं १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांचं पेटंट घेतलं होतं. सायकलच्या बाबतीत नाव घ्यावं लागतं ते पॅरिसच्या ज्यूल स्युरीरे या सायकल कारागिराचं. त्यानं १८६९ साली आपल्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात पॅरिस ते रुआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत झाली, आणि ती जिंकली जेम्स मूर या तरुणानं, छर्रे बसवलेल्या सायकलवरून! त्या काळच्या सायकली आजच्या मानानं भलत्याच जड, चेन नाही, रस्ते खडबडीत. तरी दहा-अकरा तासांत गडी रुआँला पोचला.

पण एक अडचण होती. सगळे छर्रे तंतोतंत सारखे आणि पूर्ण गोल कसे करायचे? गोट्यांच्या प्रयोगात एकच गोटी मोठी ठेवून पाहा, म्हणजे अडचण कळेल. पुस्तकाचा भार त्या एकाच गोटीवर पडतो आणि बाकीच्या नुसत्या बघत बसतात. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशर यानं १८८३ मध्ये छर्रे एकसारखे घासून गोल करणारं यंत्र बनवलं आणि हा प्रश्न सुटला. पुढे हे गाव बेअरिंगचं माहेरघरच झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेच्या विमानांनी या श्वाइनफुर्टवर दोनदा मोठे हल्ले केले. कारण रणगाडा काय, विमान काय, छर्ऱ्यांवाचून कुणाचंच चाक हलत नाही! आज आपल्या पुण्याजवळ चिंचवडलासुद्धा बेअरिंगचा मोठा कारखाना आहे.

छोटं चाक, जास्त कष्ट

आता घडीच्या सायकलीकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बी.एस.ए. कंपनीनं मधोमध दुमडणारी सायकल बनवली होती. पुढे १९७५ च्या सुमारास लंडनच्या अँड्र्यू रिची या इंजिनिअरनं आपल्या फ्लॅटमध्ये खटपट करून एक घडीची सायकल तयार केली. त्याच्या खिडकीतून 'ब्रॉम्प्टन ऑरेटरी' नावाचं चर्च दिसायचं, म्हणून सायकलचं नावही ब्रॉम्प्टन पडलं. तिची चाकं अवघी १६ इंची. आपल्याकडे दिसणाऱ्या घडीच्या सायकलींची चाकं बहुधा २० इंची असतात. चाक लहान म्हणजे घडी लहान, हा साधा हिशेब.

पण लहान चाकाला कष्ट जास्त पडतात. पटत नाही? चला, गणित करू. समजा, तुमची शाळा घरापासून २ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन रोजचे ४ किलोमीटर झाले. वर्षातले शाळेचे दिवस २०० धरले, तर ८०० किलोमीटर, म्हणजे ८ लाख मीटर. मोठ्या, काळ्या, २८ इंची सायकलचं चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर पुढे जातं. ८ लाखांना २.२ नं भागा. उत्तर आलं साधारण ३ लाख ६४ हजार फेऱ्या. २० इंची चाक एका फेरीत जेमतेम दीड मीटर जातं. त्याच्या फेऱ्या झाल्या ५ लाख ३३ हजार! म्हणजे तीच शाळा, तोच रस्ता, पण लहान चाकातल्या छर्ऱ्यांनी वर्षात सुमारे १ लाख ७० हजार गिरक्या जास्त मारल्या. शिवाय रस्त्यातल्या ज्या खड्ड्यावरून मोठं चाक तरंगत जातं, त्यात लहान चाक खोल उतरतं आणि दणका थेट छर्ऱ्यांना बसतो.

त्यात आपला पावसाळा! साचलेल्या पाण्यातून सायकल मारली, की हबमध्ये पाणी शिरतं. पाण्याबरोबर बारीक रेतीही येते. ग्रीस धुऊन जातं, छर्ऱ्यांना गंज चढतो आणि रेती त्यांच्यामध्ये सापडून वाळूच्या कागदासारखं काम करते. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या सायकलींना खारी हवा आणखी छळते. आणि हो, सायकल धुताना पाइपाचा जोरदार फवारा थेट हबवर मारायची काही जणांना सवय असते. ती आजपासून बंद!

उघडायचं की नाही?

हबमधली बेअरिंगं दोन तऱ्हेची असतात. आपल्याकडे कोणती आहेत हे पाना हातात घेण्याआधी पाहायला हवं.

पहिल्या तऱ्हेत सुटे छर्रे असतात. ते हबच्या दोन्ही टोकांना पोलादी वाटीत बसतात. दुकानात या वाटीला 'कप' म्हणतात. छर्ऱ्यांवर बाहेरून दाबून बसतो तो 'कोन'. भूमितीतला कोन नव्हे हं, आइसक्रीमच्या कोनासारखा निमुळता, आतून आटे असलेला पोलादी तुकडा. कोन आसावर फिरवून आत-बाहेर करता येतो. तो जागेवरून हलू नये म्हणून त्याच्या बाहेर वायसर आणि वायसरच्या बाहेर एक घट्ट नट असतो. आसाजवळ वाकून पाहिलंत आणि नटाच्या आत, पाना लावायला दोन सपाट बाजू असलेला कोन दिसला, तर ही पहिली तऱ्हा. हे काम तुम्ही मोठ्यांच्या मदतीनं घरी करू शकता.

दुसऱ्या तऱ्हेत छर्रे सुटे नसतात. दोन कड्यांच्या मध्ये छर्रे बंद करून तयार बेअरिंग हबमध्ये दाबून बसवलेलं असतं. नव्या घडीच्या सायकलींत ही तऱ्हा पुष्कळ दिसते. त्यावर आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ६००१ म्हणजे आतलं भोक १२ मि.मी., बाहेरचा व्यास २८ मि.मी. आणि जाडी ८ मि.मी. पुढे 'टू आर एस' असेल तर दोन्ही बाजूंना रबराची झाकणं, 'झेड झेड' असेल तर पत्र्याची. (तुमच्या स्केट्सच्या चाकावर ६०८ हा आकडा शोधून पाहा. तोही याच कुळातला!) हे बेअरिंग झिजलं की पूर्णच बदलावं लागतं. जुनं ठोकून काढायचं आणि नवं अगदी सरळ दाबून बसवायचं. त्यातही दाब पडायला हवा बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर ठोकलं तर तो मार छर्ऱ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. म्हणून हे काम दुकानातच करून घ्या. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून नीट पाहा आणि आकडा वहीत टिपून ठेवा.

आणि मागचं चाक? त्यात चेन, फ्रीव्हील, काही सायकलींत तर हबच्या आत गिअर असतात. त्याला हात लावू नका. आपली शिकवणी पुढच्या चाकापुरतीच.

तयारी

लागणारं साहित्य असं: चाकाच्या नटाला बसणारा पाना, कोनासाठी कमी जाडीचा खास पातळ पाना (पुढच्या चाकाला बहुधा १३ मि.मी.चा लागतो), नवे छर्रे, सायकलचं किंवा बेअरिंगचं ग्रीस, जुन्या सुती चिंध्या, जुना टूथब्रश, एक कडा असलेलं ताट, जुनं गोणपाट आणि वही-पेन्सिल. सफाईसाठी रॉकेल मिळालं तर उत्तम. पण रॉकेल मोठ्या माणसानंच हाताळायचं, उघड्या हवेत आणि गॅस, उदबत्ती, निरांजन यांपासून लांब. ते नसेल तर भांडी घासायच्या साबणाचं गरम पाणी चालतं. मात्र नंतर प्रत्येक भाग खडखडीत कोरडा व्हायला हवा.

स्वयंपाकघरातलं खोबरेल किंवा गोडेतेल ग्रीसऐवजी घालू नका. ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. स्प्रेचं पातळ तेलही नको. त्यानं दोन दिवस आवाज बंद होतो खरा, पण आत उरलेलं ग्रीसही वाहून जातं. आजार लपतो, बरा होत नाही.

चला, कामाला लागू

१. सायकलची घडी पूर्ण उघडा आणि मधला व हँडलचा असे दोन्ही खटके पक्के लावा. अर्धवट लागलेल्या खटक्यात बोट सापडलं तर चांगलंच चेमटतं. मग गोणपाट अंथरून सायकल उलटी ठेवा. ब्रेकच्या तारा कुठे दबत नाहीत ना, ते पाहा.

२. ब्रेक सैल करा. चाकाचे दोन्ही बाजूंचे नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवून सोडवा. कोणता वायसर कुठल्या बाजूला आणि कितव्या नंबरवर होता याचं चित्र वहीत काढा. काही चाकांना आकडीचे वायसर असतात. नट ढिला झाला तरी चाक चिमट्यातून निसटू नये म्हणून ते असतात. ते परत बसवायला विसरायचं नाही.

३. चाक काढून ताटावर धरा. आता एकाच बाजूला काम करायचं. पातळ पान्यानं कोन धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्यानं त्याच्यावरचा नट सोडवा. नट, वायसर, मग कोन, या क्रमानं काढून ताटात ओळीनं ठेवा. दुसऱ्या बाजूचा कोन आणि नट मुळीच हलवायचे नाहीत. म्हणजे परत बसवताना आस दोन्हीकडे पूर्वीइतकाच बाहेर राहतो आणि मोजमापाची कटकट उरत नाही.

४. आस दुसऱ्या बाजूनं हळूच ओढून काढा. इथे छर्रे टपाटप पडतात! ताट कशासाठी होतं, ते आता कळलं ना? दोन्ही बाजूंचे छर्रे वेगवेगळे मोजा. पुढच्या चाकात साधारणपणे एका बाजूला १० असतात. प्रत्येकाचा व्यास एक इंचाचे तीन-सोळांश, म्हणजे सुमारे ४.७६ मि.मी. (मागच्या चाकात पाव इंचाचे, बाजूला ९.) एखाद्या बाजूला कमी भरले तर घाबरू नका. मागे कुणी तरी दुरुस्तीच्या वेळी हरवला असेल. आकडा वहीत लिहा.

५. वाट्या, कोन, आस सगळं स्वच्छ करा. वाटीवरचं धूळझाकण पातळ पत्र्याचं असतं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला गेलात तर वाकतं. ते जागेवरच राहू द्या आणि काडीला चिंधी गुंडाळून खालून पुसा.

आता खरा तपास

सफाई झाली, की मोठ्या डॉक्टरसारखं निरखून पाहायचं. कोन उजेडात धरा. छर्रे जिथून फिरतात तिथे एक गोल पट्टा दिसेल. तो गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर कोन ठीक आहे. पण पट्ट्यावर बारीक खड्डे दिसले, पत्रा सोलल्यासारखा दिसला, तर कोन बाद. नवे छर्रे त्याच खड्ड्यांतून फिरवले तर महिनाभरात पुन्हा 'खर्रर्र' सुरू!

वाटी आत असल्यामुळे नीट दिसत नाही. त्यासाठी कंपासपेटीतलं बॉलपेन घ्या. त्याचं टोक वाटीच्या पट्ट्यावरून हलकेच फिरवा. टोक सरकत गेलं तर वाटी चांगली, अडखळलं तर तिथे खड्डा आहे. गंमत अशी, की बॉलपेनच्या टोकातही एक इवलासा छर्राच असतो. छर्ऱ्यानं छर्ऱ्याच्या घराची तपासणी!

वाटीत खड्डे असतील तर मात्र अवघड आहे. बऱ्याच हबमधली वाटी वेगळी बदलता येत नाही. मग पूर्ण हब, किंवा तयार चाकच बदलावं लागतं. म्हणूनच 'खर्रर्र' ऐकू आल्याबरोबर लक्ष द्यायचं. सुरुवातीला काम चार छर्ऱ्यांत भागतं. दुर्लक्ष केलं तर कोन जातो, त्यानंतर वाटी जाते. मग एक दिवस घरात कुणी तरी म्हणतं, "भंगारात देऊन टाका ती सायकल!" चांगल्या सायकली अशाच भंगारात जातात. सांगाडा धडधाकट, टायर ठीक, आणि आजार काय, तर वेळेवर न बदललेले छर्रे.

जुन्या छर्ऱ्यांतले काही चकचकीत दिसतात म्हणून ते परत वापरायचा मोह होईल. तो टाळा. झिजलेला छर्रा केसभर लहान झालेला असतो, डोळ्यांना ते दिसत नाही. जुने-नवे एकत्र केले, तर मघाच्या गोट्यांसारखा सगळा भार नव्यांवर पडतो आणि तेही लवकर जातात. म्हणून दोन्ही बाजूंचे सगळे छर्रे नवेच घाला. दुकानात जाताना जुना छर्रा आणि जुना कोन नमुन्याला बरोबर न्या. कोनाचे आटे आणि आकार कंपनीगणिक बदलतात. 'पुढच्या चाकाचा कोन द्या' एवढ्यावर भागत नाही.

पुन्हा जोडताना

६. वाटीत बोटानं ग्रीसचा चांगला थर द्या. त्यात एकेक छर्रा रुतवा, बेसनाच्या लाडवावर बेदाणा रुतवतो ना, तस्सा! ग्रीसमुळे चाक उलटं केलं तरी छर्रे पडत नाहीत. दहा बसल्यावर थोडी फट उरलेली दिसेल. 'अजून एक मावतोय का' म्हणून अकरावा कोंबू नका. छर्ऱ्यांना फिरायला ती मोकळीक हवीच असते. वरून आणखी थोडं ग्रीस लावा. दुसरी बाजूही अशीच भरा.

७. ज्या बाजूचा कोन हलवला नव्हता, त्या बाजूनं आस आत घाला. सावकाश! धक्क्यानं एखादा छर्रा नळकांड्यात घरंगळला तर सगळं पुन्हा काढावं लागेल. दुसऱ्या बाजूनं कोन बोटांनीच फिरवत आणा. तो छर्ऱ्यांना टेकला, की थांबा आणि अगदी थोडा, पाव फेरीहून कमी, मागे घ्या. मग वायसर घालून नट लावा. पातळ पान्यानं कोन धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्यानं नट आवळायचा.

८. आता सगळ्यात नाजूक काम. आस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून फिरवा. अडकत, किरकिरत फिरला तर कोन जास्त आवळला गेलाय. वर-खाली हलवल्यावर डुगडुगला तर सैल राहिलाय. घट्टही नको, सैलही नको. नट आवळताना कोन थोडासा आत सरकतो, म्हणून पहिल्याच फटक्यात हे जमत नाही. चार-पाचदा सोडवून, लावून पाहावं लागतं. दुकानातल्या काकांचा हात एकदाच फिरतो आणि चाक बरोबर बसतं, त्यामागे अशी हजारो चाकं असतात! तुमच्या चाकाला नटाऐवजी खटक्याची दांडी असेल, तर कोन किंचित सैल ठेवा. दांडी आवळल्यावर तो सैलपणा जातो.

९. चाक चिमट्यात दोन्हीकडून बरोबर मध्ये बसवा. चित्रात पाहून वायसर लावा आणि नट दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून आवळा. मग ब्रेक पूर्ववत जोडा. हे सगळ्यात आधी विसरलं जातं!

निकालाचा दिवस

सायकल सरळ करा आणि पुढचं चाक उचलून धरा. हवा भरायचा वॉल्व्ह चाकाच्या एका बाजूला, घड्याळातल्या तीनच्या जागी आणा आणि चाक सोडून द्या. बेअरिंग उत्तम बसलं असेल तर त्या वॉल्व्हच्या नाहीतर रिफ्लेक्टरच्या किंचितशा वजनानंसुद्धा चाक आपोआप फिरू लागतं, झोक्यासारखं मागे-पुढे होतं आणि जड बाजू खाली येऊन थांबतं. आता पुन्हा रिम डावीकडे-उजवीकडे हलवा. टकटक नाही? डुगडुग नाही? मग तुमची सायकल विशेष श्रेणीत पास!

तरी लगेच रस्त्यावर पळू नका. पुढचं चाक ही थट्टेची गोष्ट नाही. मागचं बिघडलं तर सायकल थांबते. पुढचं अडकलं किंवा निसटलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही नट मोठ्या माणसानं स्वतः पाना लावून तपासायलाच हवेत. पुढचा ब्रेक दाबून पाहायचा. सायकलची एकदा घडी घालून परत उघडायची, कुठे काही अडत नाही ना ते बघायचं. पहिली फेरी सोसायटीच्या आवारात नाहीतर मोकळ्या मैदानात, सावकाश. आठवड्यानंतर नट आणि चाकाची डुगडुग पुन्हा एकदा तपासायची. आणि कुठल्याही पायरीवर शंका आली, तर सगळे भाग ताटासकट दुकानात न्या. त्यात कमीपणा मुळीच नाही. आपण काय विचारतोय हे तुम्हाला आता माहीत आहे, म्हणून काकाही मन लावून सांगतील.

आई-बाबांसाठी दोन शब्द

हे काम तुम्ही अर्ध्या तासात उरकाल. मुलांना सुट्टीची अख्खी सकाळ लागेल, आणि फरशीवर ग्रीसचे डाग पडतील ते वेगळेच. तरी पाना त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही रॉकेल सांभाळा, शेवटचे नट तपासा आणि मधल्या वेळात घाई करू नका. एखादी वस्तू बिघडली म्हणजे संपली असं नसतं, ती उघडता येते, समजून घेता येते आणि पुन्हा चालू करता येते, हे मुलांना अशा एका सकाळी कळून जातं. आणि हे काम मुलींचं नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कोन बरोबर जुळवायला ताकद लागत नाही, हलका हात लागतो.

दोस्तांनो, काम झालं की वहीत तारीख, छर्ऱ्यांची संख्या, माप आणि कोन बदलला की नाही हे लिहून ठेवा. दर पावसाळा संपला की गिरकीची परीक्षा घ्या. आणि जाता जाता एक गृहपाठ. टायरवर खडूची एक खूण करा, तशीच तिच्याखाली जमिनीवर करा. सायकल सरळ ढकलत चाकाची बरोबर एक फेरी पूर्ण करा आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. आता घरापासून शाळेचं अंतर घेऊन सांगा बरं, तुमच्या सायकलच्या छर्ऱ्यांनी गेल्या वर्षभरात किती गिरक्या मारल्या?